हरीशने टाकलेला शब्द

जपानमध्ये, ओजिमातल्या आमच्या इमारतीत कुणाचं काही अडलं की तो हरीश पारसनीसकडे जातो. परदेशी माणसाला घर न देणारा मालक असो, पाळणाघरातली जागा असो, नाहीतर कुणाच्या भाच्याची नोकरी असो, हरीश तिथे जातो, कमरेत वाकतो, गीतावहिनींच्या नारळाच्या वड्यांचा डबा पुढे करतो आणि शब्द टाकतो. मुंबईच्या बँकेने तीन वर्षांसाठी पाठवलेला हा गृहस्थ इथे इतकी वर्षं टिकला, तो याच जोरावर. माझं घरही त्याच्याच शब्दावर मिळालं. तरी त्या रविवारी मला त्याचा भयंकर राग आला.

त्याचा मुलगा नचिकेत विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात चौथ्या वर्षाला. इतक्या काळात एकदाही मैदानावर उतरला नव्हता. सामन्याच्या दिवशी तो गॅलरीत भोंगा घेऊन संघासाठी ओरडायचा. सरावात मात्र त्याच्याकडे एक वेगळं काम होतं. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा मुख्य खेळाडू बनून त्याच्यासारखं पळायचं, त्याच्यासारख्या हुलकावण्या द्यायच्या, म्हणजे आपल्या पोरांना सवय होते. घरी हरीश मराठीत विचारी, "काय रे, कसं चाललंय?" पोरगा जपानीत म्हणे, "दाइजोबु." ठीक आहे. आणि खोलीचं दार लावून घेई. ते बंद दार हरीशला फार लागायचं.

यंदाचा मोसम वाईट गेला. विद्यापीठांच्या लीगमध्ये संघ दुसऱ्या विभागाच्या तळाशी गेला आणि शेवटचा एक सामना उरला. हरले तर तिसरा विभाग. नचिकेतचाही तो शेवटचाच, कारण एप्रिलपासून नोकरी.

जिममध्ये आम्ही वरच्या बाकांवर बसलो. गीतावहिनींना ताण सोसत नाही, त्या बाहेर फेऱ्या घालत होत्या. संघ आत आला. नचिकेतच्या अंगावर जर्सी होती. पहिल्यांदाच.

हरीश कानाशी येऊन म्हणाला, "गुरुवारी कांतोकूंना भेटून आलो." कांतोकू म्हणजे मुख्य प्रशिक्षक. "डबा दिला. म्हटलं, पोराचं शेवटचं वर्ष आहे, एकदा तरी बघा."

"नचिकेतला विचारलंस?"

"त्याला कशाला विचारायचं? नको म्हणाला असता."

नसती उठाठेव, मी मनात म्हटलं. पण सामना सुरू झाला होता.

समोरच्या संघाचा सात नंबर कुणालाच आवरेना. डावीकडे खांदा झुकवायचा, उजवीकडून निसटायचा आणि बास्केट. बेंचवर बसलेला नचिकेत त्याच्याबरोबर नकळत खांदा झुकवत होता. आठवडाभर तो सरावात हाच सात नंबर झाला होता. त्याला धरू शकला असता तर हाच पोरगा, हे मला बास्केटबॉल न कळणाऱ्यालाही दिसत होतं.

मध्यंतरानंतर आपला एक गार्ड पाच फाउल होऊन बाहेर गेला. कांतोकू बेंचकडे वळले. नचिकेत अर्धा उठला. हरीशने माझं मनगट पकडलं. कांतोकूंनी एकदा मान वर करून आमच्या बाकांकडे पाहिलं आणि दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाचं नाव घेतलं. नचिकेत परत बसला आणि टॉवेलने कोरडाच चेहरा पुसू लागला.

शेवटच्या क्वार्टरमध्ये बरोबरी झाली, पुढे गेले, पुन्हा मागे पडले. हरीश हलतही नव्हता. शेवटी सात नंबरनेच खांदा झुकवला, निसटला आणि चेंडू जाळीतून खाली आला. भोंगा वाजला. आपण एका बास्केटने हरलो होतो.

चौथ्या वर्षाची मुलं रांगेत उभी राहिली आणि घरच्यांपुढे वाकली. तसा इथे रिवाज आहे. मग कांतोकू पायऱ्या चढून आले. हातात स्टीलचा डबा.

"हा मी तेव्हाच घ्यायला नको होता," ते म्हणाले. "मी त्याला निवडलं होतं. तुम्ही मागितल्यावर ती निवड माझी राहिली नाही. क्षमा करा." त्यांनी डबा हरीशच्या हातात दिला. तो उघडलेलाही नव्हता. ते खोल वाकले आणि गेले.

त्यांच्या मागोमाग नचिकेत वर आला. डब्याच्या झाकणावर गीतावहिनींच्या आईचं नाव कोरलेलं. त्याने ते लगेच ओळखलं.

"बाबा, हा कधी दिलात?" तो मराठीत म्हणाला.

साऱ्या ओजिमासाठी शब्द टाकणारा माणूस डब्याकडे बघत एवढंच म्हणाला, "गुरुवारी."

"बुधवारी त्यांनी मला सांगितलं होतं. पहिल्या पाचात मी. सात नंबरला मी धरायचं." त्याचा आवाज अजिबात चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला इथे येऊनच कळावं, म्हणून बोललो नव्हतो."

तो खाली उतरून आपल्या संघात जाऊन बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं हरीशला तोंडावर सुनावावं असं वाटत होतं. पण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

बाहेर आलो तशा गीतावहिनी धावत आल्या.

"अहो, खेळला का तो?"

हरीशने डबा त्यांच्या हातात दिला.

"नाही," तो म्हणाला. "मी खेळू दिलं नाही."