‘नाही’ म्हटलं की घंटी

आमच्या नाटकाच्या ग्रुपचे किस्से म्हणजे कांदाचाळीतला कांदा. एक काढायला जावं तर वरचे चार घरंगळत पायाशी येतात. आता ग्रुप राहिला नाही. नाशिकच्या इंदिरानगरातला, पिठाच्या गिरणीवरचा आमचा हॉल एका जिमवाल्याने घेतला. तिथून जाताना वजनं आपटल्याचा आवाज येतो आणि मला उगाच राग येतो.

नाटक म्हणजे इम्प्रोव्ह. स्क्रिप्ट नाही, पाठांतर नाही. उभं राहायचं आणि सुचेल ते करायचं. विषय मात्र वैशालीताईंनी ठरवलेला: हवामान बदलतंय, त्याचं आपल्याला आत काय वाटतं? ताई शाळेतून रिटायर झालेल्या, शिस्त अंगात मुरलेली. नियम एकच. समोरचा जे म्हणेल ते मान्य करायचं आणि "हो, आणि..." म्हणत पुढे न्यायचं. तोंडून ‘नाही’ किंवा ‘नको’ निघालं की ताई देवघरातून आणलेली घंटी वाजवायच्या आणि आपण बाद.

*

पहिल्याच रविवारी कुलकर्णीकाका उभे राहिले. पाटबंधारे खात्यातले रिटायर्ड इंजिनिअर. ताईंनी विचारलं, "काका, उन्हाळा एवढा वाढलाय, काय वाटतं?" काकांनी धरणं, पाणलोट, बाष्पीभवन सगळं सांगून टाकलं.

"ही माहिती झाली," ताई म्हणाल्या. "आत काय वाटतं?"

काकांनी शर्टाचं वरचं बटण सोडून छातीवर हात ठेवला. "आत ना, जरा ॲसिडिटी वाटतेय."

*

एकदा मी खोटी ट्रंक उघडून खोटा स्वेटर काढला. म्हटलं, नाशिकची थंडी आलीय. मग काय, "हो, आणि कानटोपी दे", "हो, आणि शेकोटी पेटव"! तोंडातून वाफ सोडत सिगरेट ओढल्याचा आव तर लहानपणी शाळेत जाताना प्रत्येकाने आणलेला. बाहेर डिसेंबर असून उकडतंय, डोक्यावर पंखा फुल स्पीडला, आणि आम्ही हात चोळत कुडकुडतोय. खालचा गिरणीवाला पिठाने माखलेला वर आला आणि दारातच थबकला. "सगळ्यांनाच मलेरिया?"

हसून झालं, पण स्वेटर कुणी लवकर उतरवेना. ती थंडी मला अजून फार आठवते.

*

मग काका गंगापूर रोडवरचा कडुनिंब झाले. हात पसरून उभे, तोंडातून अक्षर नाही. ताई म्हणाल्या, "काका, बोला की."

"झाड बोलतं का कधी?"

एकेक जण येऊन त्यांच्या सावलीत स्कूटर लावून गेला. शेवटी मी कंत्राटदार झालो. "रस्ता रुंद करायचाय, हे झाड तोडतोय." नियमाप्रमाणे काकांना मान्य करणं भाग होतं.

"हो," काका म्हणाले, "आणि... आधी त्या स्कूटर बाजूला घ्या. अंगावर पडेन."

त्या दिवशी काका चहा न घेताच घरी गेले.

*

रामनाथभाऊ आणि सुनंदावहिनी निफाडकडचे, द्राक्षबागवाले. लागोपाठ दोन वर्षं ऐन तोडणीच्या तोंडावर गारपीट झाली आणि भाऊंचं बोलणंच थांबलं. शेतात जायचं, यायचं, जेवायचं. घरात शब्द नाही. वहिनी एकदा आम्हाला म्हणाल्या, "बाग परत लावता येईल. पण माणूस लय गप झालाय, त्याचं काय करू?"

भाऊ दर रविवारी वहिनींना मोटारसायकलवरून आणायचे आणि दाराशी खुर्ची टाकून बसायचे. बोलावलं तर नुसती मान हलवायचे.

एका रविवारी ताई म्हणाल्या, "ज्याची भीती वाटते, आज ते व्हा." वहिनी उठल्या, सरळ दाराकडे गेल्या आणि भाऊंसमोर उभ्या राहिल्या.

"मी गारपीट. आले परत."

आम्हाला वाटलं, आता हे उठून जिना उतरणार. भाऊ उठले खरे, पण गेले नाहीत.

"हो," ते म्हणाले. "अन्... या खेपेला घरात ये. बागेकडं जाऊ नको."

‘नको’ तोंडून निघून गेलं होतं. आम्ही सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. घंटी त्यांच्या हातातच होती, आतला लोलक त्यांनी बोटांनी घट्ट धरला होता.

"घरात कोण हाय?" वहिनींनी विचारलं.

"मी हाय ना," रामनाथभाऊ म्हणाले.