चिनार आणि पाण्याची पाळी

डॉक्टरांचा व्हिसा रद्द व्हायला महिना उरला होता आणि त्यांना सगळ्यात मोठी काळजी होती ती एका कुंडीची.

अल् खुवैरमधल्या आमच्या क्लिनिकची लॅब मी सांभाळते. डॉक्टर मूळचे अलिबागचे. उमेदीची सगळी वर्षं मस्कतमध्ये काढून आता निवृत्त होऊन परत निघाले होते. कुंडीतलं रोप कमरेएवढं होतं, पानं हाताच्या पंजासारखी. ग्रीसमधल्या कोस बेटावर एक अतिशय जुनं झाड आहे. डॉक्टर लोक ज्याच्या नावानं शपथ घेतात, तो वैद्य त्या झाडाखाली बसून विद्यार्थ्यांना शिकवायचा, असं म्हणतात. डॉक्टरांच्या एका ग्रीक मित्रानं त्या झाडाच्या बिया त्यांना भेट दिल्या होत्या. त्यातलं हे एकच रोप जगलं.

भारतात न्यायचं तर परवानग्यांची कटकट. शेवटी डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्याकडे अंगण आहे." म्हणून कुंडी अल अमेरातला, माझ्या घरी आली. मी ती एसीचं पाणी ठिबकतं तिथं ठेवली. तरी मे महिन्यात पानांच्या कडा करपल्या, तेव्हा सरळ हॉलमध्ये आणली. नवरा म्हणाला, "मला ताप आला होता तेव्हा इतकी थंड जागा नव्हती मिळाली."

रोग कळल्याशिवाय उपचार नको, म्हणून मी वाचायला बसले. हे झाड म्हणजे आपल्या काश्मीरचा चिनार निघाला. म्हणजे त्याला थंडी हवी, आणि ती माझ्या हॉलमध्ये जन्मभर मिळणार नव्हती. दुसरी गोष्ट अशी कळली की कोसचं आजचं झाड काही शतकांचंच असावं. तो वैद्य त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला. फार तर जुन्या झाडाच्या जागी उगवलेलं हे त्याचं वंशज असेल. मी हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "म्हणजे जुनं गेल्यावर कुणीतरी नवं जगवलंच की. मग हेही जगायला हवं."

ओमानमध्ये थंडी म्हणजे जबल अख्दरचा डोंगर. डॉक्टरांच्या एका जुन्या पेशंटची तिथं डाळिंबाची बाग होती. शुक्रवारी कुंडी मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधली आणि मी गाडी घाटाला घातली. डॉक्टर वाटभर मागे वळून बघत होते.

बागमालकानं खजूर आणि कहवा समोर ठेवला आणि रोपाभोवती एक फेरी मारली. हिंदी त्याला चांगली येत होती.

"फळ कुठलं?"

"फळ नाही," डॉक्टर म्हणाले.

"दक्तूर, माझ्या पाळीचं पाणी डाळिंबांनाच पुरत नाही. ह्याला कुठून देऊ?"

तिथलं पाणी फलजचं, म्हणजे डोंगरातून पाटानं येणारं. प्रत्येकाची पाळी ठरलेली. माझ्या डोक्यात थंडी होती, माती होती, पण पाणी मुळीच आलं नव्हतं. डॉक्टरांनी मग अरबीतून ग्रीक वैद्याची सगळी गोष्ट सांगितली. बागमालकानं ती आदरानं ऐकली, सगळ्यांचे कप पुन्हा भरले आणि विचारलं, "त्या हकिमाच्या झाडाला पाणी कोण घालायचं?"

डॉक्टरांना ते माहीत नव्हतं. मीही इतकं वाचलं, पण हा प्रश्न कुणी विचारलेला मला दिसला नव्हता. अजूनही शोधते आहे.

बागमालकच उठला. गावच्या मशिदीपाशी हातपाय धुण्याची जागा आहे, तिथलं वाहून जाणारं पाणी एका खळग्यात मुरतं. शेजारी म्हातारी माणसं बसतात आणि त्यांना सावली नाही. तो म्हणाला, तिथं लावा, गावाला मी विचारतो.

बागेत, कुंपणाच्या आत, झाडाची हकिकत लिहिलेली एक पाटी असं काहीतरी डॉक्टरांच्या मनात असावं.

"तिथं ते कुणाचं असेल?" त्यांनी विचारलं.

"कुणाचंच नाही. म्हणून तर त्याच्यासाठी पाळी मागावी लागणार नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्या हॉलमध्ये ते मरणार आहे, डॉक्टर. हे नक्की."

दुपारच्या नमाजानंतर गावातल्या दोघातिघांची परवानगी मिळाली. खड्डा खणला, शेळ्यांनी खाऊ नये म्हणून जाळी लावली. पाटीचा विषय डॉक्टरांनी काढला नाही. महिनाअखेरीस ते अलिबागला गेले.

डिसेंबरात बागमालकानं फोटो पाठवला. जाळीत नुसती काठी उभी, एकही पान नाही. तो पुढे पाठवल्यावर पाचव्या मिनिटाला डॉक्टरांचा फोन. "गेलं का हो?" आवाज एखाद्या पेशंटच्या नातेवाइकासारखा. मी सांगितलं, चिनार हिवाळ्यात पानं टाकतो, पण फोटोवरून मी रिपोर्ट देत नाही. बागमालकाला निरोप धाडला की नखानं साल थोडी खरवडून जवळून फोटो काढ.

संध्याकाळी फोटो आला. मोठं नख, आणि त्याच्या बाजूला सालीखाली ओली हिरवी रेघ.

मी तो डॉक्टरांना पाठवला आणि खाली लिहिलं, "जिवंत. मार्चमध्ये पुन्हा बघू."