टेबलावरची लढाई

तुमसरजवळच्या आमच्या शाळेत मी लढाईच्या खेळाचा क्लब सुरू केला, तेव्हा पाचच मुलं आली. दोन बाकं जोडून आम्ही मैदान मांडलं. तलावाच्या मातीचे सैनिक मुलांनी स्वतः घडवले आणि फासे टाकून लढाया सुरू झाल्या. सातवीतली एक मुलगी फारच हुशार निघाली. पण एकदा जिंकत आली असताना ती शेवटचा हल्लाच करेना.

"काहून थांबली?" मी विचारलं.

"त्याचे सैनिक मरून राहिले ना जी. किती मेहनतीनं बनवले त्यानं."

समोरचा मुलगा हसला. "मरून नाही राहिले व, घरी चालले ते."

तिनं फासा टाकला आणि जिंकली. मग दोघांनी मिळून पडलेले सैनिक खडूच्या डब्यात अलगद ठेवले. नियमांच्या वहीतला 'मेला' हा शब्द मी त्याच दिवशी खोडला.