मिकोनॉसचे ऑक्टोपस आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी

ग्रीस-तुर्कस्तानच्या क्रूझचं ठरलं ते कोकिलाबेनच्या हिंचक्यावर, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर. त्यांच्या नवऱ्याने, हर्षदभाईंनी, मोबाइलवर निळे घुमट दाखवले, सात जण असलो तर एजंट भाव कमी करतो म्हणाले, आणि माझा नवरा संग्राम चहाचा कप खाली ठेवायच्या आत हो म्हणून बसला. मला आनंद व्हायला हवा होता. मला धसकाच बसला.

का, ते सांगते. कोकिलाबेन आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. वाघोडिया रोडवरच्या या सोसायटीत नऊ वर्षांपूर्वी आमचा सामानाचा टेम्पो खाली उभा होता, तेव्हाच त्यांनी स्टीलच्या वाटीतून गरम शिरा पाठवला. वाटी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी साखरभात भरून पाठवला. तेव्हापासून त्या वाटीला उसंत नाही. कधी खांडवी येते, कधी माझी पुरणपोळी चार घड्या घालून जाते. गुजरातीत याला वाटकी-व्यवहार म्हणतात. ओमच्या बाळंतपणात तर महिनाभर मी त्यांच्याच वाटीवर जगले.

आता दुसरी बाजू. सोसायटीत सगळे शाकाहारी. नियम कुठे लिहिलेला नाही, पण बडोद्यात राहणाऱ्याला तो लिहून दाखवावा लागत नाही. आणि आम्ही पडलो मटण खाणारे. संग्रामचे पणजोबा बडोदे सरकारच्या फौजेत होते, त्यांच्या घरात रविवार म्हणजे रस्सा. त्यामुळे आमच्याकडे रविवारी एक कवायत चालते: मटण गावाच्या दुसऱ्या टोकाहून मेथीच्या जुडीखाली लपवून आणायचं, ओमने स्टुलावर चढून खिडकी लावायची, सईने अगरबत्ती पेटवायची, मग कुकर चढवायचा. भांडी वेगळी, बाल्कनीतल्या पेटीत. कोणी विचारलंच तर मुलांनी "छोले" म्हणायचं. माझं आणि कोकिलाबेनचं स्वयंपाकघर एकाच चौकाला लागून, खिडकीसमोर खिडकी. सोसायटीची मला फारशी पर्वा नव्हती हो. कोकिलाबेनना कळलं तर ती वाटी बंद होईल, एवढीच भीती होती.

"जहाजावर आपण शाकाहारी," व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला अहमदाबादला जाताना एक्सप्रेसवेवर मी मुलांना बजावलं.

"घरी पण तेच असतो ना, बाहेरच्यांसाठी," बारा वर्षांची सई म्हणाली. सात वर्षांचा ओम खिडकीतून टोलनाके मोजत होता.

जाणाऱ्यांसाठी कामाचं: जहाज ग्रीसमधून निघून तुर्कस्तानला टेकतं आणि परत ग्रीसमध्ये येतं, म्हणून एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेऊ नका. तुर्कस्तानचा नियम एजंटकडून लेखी घ्या, तो बदलत असतो. मे महिन्यात दुपारी ऊन आणि डेकवर बोचरा वारा, तेव्हा एक स्वेटर हवाच. आम्ही अहमदाबादहून विमानाने, मध्ये एक बदल करून अथेन्स गाठलं. कोकिलाबेनच्या बॅगेत पाच किलो थेपले होते, सात जणांचे, मोजून.

अथेन्सच्या पिरेयस बंदरात जहाज समोर आलं तेव्हा ओम म्हणाला, "ही तर आपली सोसायटी आहे. पाण्यात." मजले मोजायला लागला आणि अकराव्याला चुकला. केबिन मात्र आमच्या न्हाणीघराएवढी. मुलांना पहिला धक्का जहाजाचा नव्हता, बंदरावरच्या संडासातला होता. ग्रीसमध्ये कागद आत टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, कारण पाइप अरुंद. आणि पाणी नाहीच. कोकिलाबेनची मुलगी जिनल, सईच्याच वयाची, बाहेर येऊन म्हणाली, "हे लोक एवढे मोठे पुतळे बनवतात आणि एक नळ नाही बसवत?" मग सई आणि ती दोघी सगळीकडे रिकामी बाटली घेऊन फिरल्या.

पहिल्याच संध्याकाळी मिकोनॉस. जहाजातून उतरून गावात जायला बस किंवा छोटी बोट मिळते, भाडं किरकोळ आहे, रांग मोठी. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या गल्ल्या, इतक्या अरुंद की हर्षदभाई आणि त्यांचा कॅमेरा एका वेळी मावत नव्हते. एका वळणावर समुद्राला लागून खाणावळ आली. तिच्यापुढे दोरी बांधलेली, आणि दोरीवर कपड्यांसारखे चिमटे लावून ऑक्टोपस वाळत घातलेले. पाच-सहा. खालून पाय लोंबत होते, पाणी ठिबकत होतं, मांजरी वर बघत बसल्या होत्या.

"हाय हाय," म्हणून कोकिलाबेननी जिनलच्या डोळ्यांवर पदर धरला.

ओम जागीच थिजला. मला वाटलं घाबरला. तर तो माझा हात ओढून विचारतो, "मम्मी, यांनी खिडकी नाही लावली?"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला, भर रस्त्यात. त्याचे डोळे एवढाले झाले. नशिबाने कोकिलाबेन पदराच्या भानगडीत होत्या. पण तो रस्ताभर मागे वळून बघत राहिला. कोणी लपवत नाही, कोणी अगरबत्ती लावत नाही, उलट लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात, हे त्याच्या डोक्यात मावेना.

दुसऱ्या दिवशी कुशादासी. बसने अर्ध्या तासावर इफेससचे अवशेष आहेत. सावली नाही, टोपी आणि पाणी न्या, आणि येताना बस गालिच्याच्या दुकानात थांबणार हे गृहीत धरा. संगमरवरी रस्ता, ग्रंथालय, सगळं भव्य. मुलांना लक्षात काय राहिलं? सार्वजनिक संडास. दगडी बाक, ओळीने भोकं, मध्ये आडोसा नाही. गाइड म्हणाला, दोन हजार वर्षांपूर्वी लोक इथे बसून गप्पा मारायचे.

"शेजारी शेजारी?" सई हादरली होती.

"यांना तर काहीच लपवायचं नव्हतं," ओम म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला.

तुर्कस्तानातल्या संडासात मात्र पाण्याची बारीक तोटी असते. कोकिलाबेन बाहेर आल्या त्या चेहऱ्यावर समाधान घेऊन, "स्मिता, आ देश सारो." हा देश चांगला, म्हणे. बाजारात आम्ही लोकुम घेतलं, पिठीसाखरेत घोळलेली जाड जेलीसारखी मिठाई. त्यात जिलेटिन नाही ना, हे त्यांनी दुकानदाराला तीनदा विचारलं आणि मग दोघींसाठी एकेक डबा घेतला.

जहाजावर शाकाहाऱ्यांचे हाल नाहीत. पास्ता, भोपळी मिरचीत भरलेला भात, चीज घातलेलं पालकाचं पॅटिस, फळं. सातजणांचं एकच टेबल होतं. संग्राम रोज दुपारी खांद्यावर टॉवेल टाकून "पोहून येतो" म्हणून वरच्या डेकवर जायचा. तिथे भाजलेला मासा मिळायचा. तासाभराने कोरडा टॉवेल घेऊन परत. हर्षदभाई कौतुकाने म्हणायचे, संग्रामभाई केवढे नियमित. मला हसू आवरावं लागायचं.

चौथ्या दिवशी दुपारी जहाज सॅन्टोरिनीकडे निघालं होतं. मुलांच्या खेळघरात चित्रांचं प्रदर्शन होतं. तिथल्या ताईने विषय दिला होता, प्रवासात तुम्हाला सगळ्यात मोठा धक्का कशाचा बसला. आईवडिलांना बोलावलं होतं. एका मुलीने गाढवं काढली होती, एकाने उघडे पुतळे. सईने ओळीने बसलेले इफेससचे लोक. ओमच्या कागदावर मध्ये रेघ होती. डावीकडे सूर्य, समुद्र, दोरीवर ऑक्टोपस. उजवीकडे एक स्वयंपाकघर, शिट्टी देणारा कुकर, धुराची अगरबत्ती, बंद खिडकी. आणि खिडकीपलीकडे साडीतली एक बाई, हातात वाटी.

ताईने विचारलं, हे काय? ओम शाळेच्या इंग्रजीत, खणखणीत आवाजात सांगायला लागला. ग्रीसमध्ये हे उन्हात टांगतात. आमच्या घरी रविवारी मटण असतं तेव्हा आम्ही खिडकी लावतो. कारण कोकिलामासीला वाईट वाटेल.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परदेशी लोक, त्यांना गोड वाटलं. कोकिलाबेन माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी कामापुरतं येतं, पण मटण सगळ्या भाषांत मटणच. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. त्यांचे बांगड्यांचे हात टाळी न वाजवता मांडीवरच राहिले होते.

बाहेर कठड्यापाशी त्यांनी एवढंच विचारलं, "नऊ वरस?"

मी मान हलवली.

"अने वाटकी? आमची वाटी पण त्यातच?"

"नाही हो. भांडी वेगळी आहेत. पेटीत ठेवते बाल्कनीत. तुमची वाटी मी कधी त्याच्याजवळसुद्धा..." हे वाक्य मी नऊ वर्षं मनात घोकलं होतं आणि ते सांगायचं म्हणजे बाकीचं कबूल करायचं, म्हणून कधी बोलले नव्हते.

"मम्मी, मने तो खबर हती," मागून जिनल म्हणाली. तिला सईने केव्हाच सांगितलं होतं. कोकिलाबेननी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि केबिनमध्ये निघून गेल्या. माझ्यापेक्षा लेकीने दिलेला धक्का त्यांना मोठा बसला असावा. घरातलीही त्यांच्यापासून लपवत होती.

सॅन्टोरिनी कसं आहे, असं विचाराल तर मला धड आठवत नाही. जहाजातून छोट्या बोटीने उतरतात, वर जायला केबल कार आहे, माणशी दहा युरोच्या आसपास. परतीची रांग तासाभराची असते, लवकर निघा. निळे घुमट निळेच होते. कोकिलाबेन आमच्यापासून चार माणसं सोडून उभ्या होत्या. सई मला म्हणाली, "तू ओमला ओरडू नकोस. खोटं त्याने नाही शिकवलं आपल्याला." मी ओरडणार नव्हते. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

परतीच्या विमानात थेपल्यांचा डबा आला. कोकिलाबेननी मुलांना दिले, संग्रामला दिले, आणि डबा बंद केला. अहमदाबाद ते बडोदे एकच गाडी होती, कोकिलाबेन पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या.

पुढचा आठवडा वाटी आली नाही. मी पाठवायची तर काय पाठवू, त्या खातील का, हेच कळेना. रविवारी संग्रामने मटण आणलं, या वेळी मेथी न घेता. कुकर चढवला तसा ओम सवयीने स्टुलावर चढला.

"राहू दे," मी म्हटलं.

"उघडी?"

"उघडी."

सई अगरबत्तीचा पुडा हातात घेऊन उभी होती, तिने तो परत ठेवला. पहिली शिट्टी झाली. समोरची खिडकी लागली. धाडकन लावली असती तरी चाललं असतं. कोकिलाबेननी ती हळूच लावली, आवाज होऊ नये म्हणून. मला ते फार लागलं.

संध्याकाळी जिनल दारात. हातात डाळ-तांदळाचा खमंग हांडवो, पण कागदी वाटीत, प्रसादाला असते तशी. "मम्मी म्हणाली, वाटी परत नको." मी ती घेतली आणि ओट्यावर ठेवून उभीच राहिले. त्यांनी पाठवलं होतं, हे खरं. आणि परत काही नको होतं, हेही खरं. मुलांनी हांडवो खाऊन टाकला.

थोड्या वेळाने पाहते तर ओम नळाखाली ती कागदी वाटी धूत होता. कडा मऊ पडल्या होत्या. त्याने ती शर्टाला पुसली, आमच्या डब्यातलं लोकुम तिच्यात रचलं आणि चप्पल घालायला लागला.

"ओम, ती टाकायची असते रे."

"रिकामी द्यायची नाही ना पण?" म्हणत तो गेला.

मी दारामागे थांबले. पलीकडे बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. बराच वेळ गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात ती जुनी स्टीलची वाटी होती, कडेला पोचा आलेली. रिकामी.

"मासी म्हणाली, कागदाची दोनदा वापरायची नसते, गळते. ही घे. आणि म्हणाली, मम्मीला सांग, रविवारी कुकर लावायच्या आधी मला हाक मारायची. मग मी माझी खिडकी लावून घेईन."

प्रवासाचं काय उरलं, असं विचाराल तर फोटो हजारभर आहेत, अजून कोणी बघितले नाहीत. मी रवा भाजायला घेतला. साजूक तूप, वेलची, नऊ वर्षांपूर्वी त्यांनी पाठवला होता तसा शिरा. समोरची खिडकी आता उघडी होती, कोकिलाबेन ओट्यापाशी काहीतरी निवडत होत्या. वाटी भरण्याआधी मी पातेलं उचलून खिडकीशी धरलं, हे रोजचं, पेटीतलं नाही, एवढं त्यांना दिसावं म्हणून. त्यांनी चष्मा सारून नीट पाहिलं आणि मान डोलावली.