आयसीयूतला उखाणा

आधीच सांगतो, मी विज्ञानाचा मास्तर. वालूरच्या शाळेत करणी-बिरणीचा विषय कुणी काढला की मी तासभर भांडत असे. पण ही गोष्ट माझ्याच बायकोची... आता भांडू कुणाशी?

विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीचं हे. सुमनला ताप आला आणि झटके सुरू झाले, ते थांबेचनात. परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. चार खाटा, एक कूलर. औषधांवर औषधं दिली, उपयोग शून्य. शेवटी झोपेच्या औषधाची सलाईन लावून तिला नऊ दिवस गाढ झोपवून ठेवलं. सुई निघू नये म्हणून हात पट्टीनं खाटेला बांधलेले. डॉक्टर मद्रासकडचे, तरुण. म्हणाले, "इतके दिवस झटके, काही पेशंट जाते. वाचले तरी ओळख, बोलणं परत येईल असं नाही."

मी बाहेरच्या बाकावर बसून रडलो. मास्तर असलो म्हणून काय झालं!

दहाव्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "ये कोण? नाव सांगा." सुमन गप्प. पुन्हा विचारलं... गप्पच. डॉक्टरांचा चेहरा पडला. आई मात्र भडकली.

"आवो डाक्टरसाब, मालकाचं नाव कशी घील ती? उखाणा घ्यायला सांगा की!"

सुमन क्षीण आवाजात, पण लाजत म्हणाली —

"कपिलेला झाल्या जुळ्या, एक काळी, एक गोरी,
दत्तरावांचं नाव घेते, सोडा हातांची दोरी."

नर्स हसली, आई रडली, डॉक्टरांना काही कळेना. कपिला आमची गाय. ती व्यायला अजून पंधरा दिवस होते. म्हटलं, औषधाची गुंगी असेल... नाव घेतलं, बास!

दुपारी धाकटा भाऊ एसटीनं चिकाचा डबा घेऊन हजर.

"दादा, कपिला आज पहाटंच व्याली! जुळ्या कालवडी हायत. एक काळी, एक पांढरी. लय गोड!"

घरी फोन नाही, तोवर गावाकडून कुणी आलेलं नाही. आणि जुळ्या होणार हे खुद्द कपिलेलाही ठाऊक नसावं!

सुमन बरी झाली. गोळ्या मात्र रोजच्या, आणि आमचं लग्न तिला आठवत नाही. फोटो दाखवले तरी नाही. ती सकाळही आठवत नाही. तिला कसं कळलं, याचं उत्तर ना तिच्याकडे, ना माझ्या विज्ञानाकडे.

तो उखाणा मीच तिला म्हणून दाखवतो. पदर तोंडाला लावून हसते.

"इतक्या माणसांत तुमचं नाव घेतलं मी? मग तेच आपलं लगीन समजा."