शहाडचा साक्षीदार

"मॅडम, ही सही कोणाची असेल?"

सुलभाताईंनी मृत्युपत्राचं शेवटचं पान माझ्यासमोर ठेवलं. मी चष्मा पुसला, पान उजेडाला धरलं, थोडं तिरकंही करून पाहिलं. एक वेटोळं, त्यातून निघालेली लांब शेपटी, आणि शेपटीवर दोन टिंबं. त्याखाली एकच शब्द वाचता येत होता: शहाड, म्हणजे कल्याणच्या पुढचं स्टेशन.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं, पेन चालतंय का ते बघितलंय."

मी डोंबिवलीत पंचवीसहून जास्त वर्षं वकिली करते आहे. काम मुख्यतः मृत्युपत्रं, वारसा आणि प्रोबेटचं. प्रोबेट म्हणजे "हे मृत्युपत्र खरं आहे" असा कोर्टाचा शिक्का. आमच्या ठाणे-कल्याण भागात ते सक्तीचं नाही. पण घरातल्या कुणी हरकत घेतली, की सोसायटी म्हणते, कोर्टाची ऑर्डर आणा. सुलभाताईंचं तेच झालं होतं.

त्यांचे मामा दत्ताराम नाईक, सगळ्यांचे भाऊ. लग्न केलेलं नाही. एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले. डोंबिवली पूर्वेला त्यांचा वन-बीएचके. सुलभाताई शाळेत क्लार्क, दिव्याला भाड्याने राहायच्या, रोज टँकरची वाट बघायच्या. भाऊंना पहिला अटॅक आला तेव्हा त्या बॅग भरून मामाकडे आल्या, आणि सहा वर्षं त्यांचं पथ्यपाणी केलं. भाऊंनी मृत्युपत्र करून फ्लॅट त्यांच्या नावे ठेवला होता.

आड आला भाऊंचा पुतण्या, प्रसाद. राहणारा ठाण्याचा. सोसायटीच्या जुन्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून त्याचं नाव होतं, आणि नॉमिनी म्हणजे मालक अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. तसं नसतं. नॉमिनी फक्त वस्तू सांभाळतो आणि खऱ्या वारसाच्या हाती देतो. पण मृत्युपत्र सिद्ध झालं नाही, तर भाचीला आणि पुतण्याला निम्मा निम्मा वाटा. अर्ध्या वन-बीएचकेमध्ये कुणाला राहता येत नाही, तो विकावाच लागतो. म्हणजे सुलभाताई परत दिव्याला.

माझ्याकडे येण्याआधी त्या तीन वकिलांकडे जाऊन आल्या होत्या. पहिले फक्त अपघाताचे क्लेम करायचे. ते दोन महिने "बघू" म्हणत राहिले. दुसरे फोनवर "जवळचा वकील" शोधून सापडले. पत्त्यावर गेल्या तर झेरॉक्सचं दुकान, आणि वकीलसाहेब आठवड्यातून एकदा शिक्के मारायला येणार. तिसरे कोपरीचे, माणूस जाणकार. त्यांनी कागद नीट वाचला आणि म्हणाले, "बाई, साक्षीदार आणा. मग या."

त्यांचं बरोबरच होतं. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ते सिद्ध करताना त्यातला हयात असलेला एक तरी कोर्टात उभा करावा लागतो. भाऊंचे पहिले साक्षीदार शेजारचे डॉक्टर सबनीस. ते भाऊंच्याही आधी गेले. उरलं ते वेटोळं.

"साक्षीदार सापडलाच नाही तर?" सुलभाताईंनी विचारलं.

"तर त्याचं अक्षर ओळखणारा माणूस आणायचा."

"पण तो कोण तेच माहीत नाही, तर त्याचं अक्षर ओळखणारा कुठून आणणार?"

मी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. तीन वकिलांकडे फिरून त्यांची अर्धी वकिली झालेली होती.

दुसऱ्या दिवशी मी सहीचा फोटो कल्याण कोर्टाच्या बार रूममध्ये फिरवला. एकजण म्हणाला "शिवराम". दुसरा म्हणाला "गुलाम". एक सीनियर बराच वेळ बघून म्हणाले, "हा ईसीजी आहे. पेशंटचं काही खरं नाही."

मग मी साधा विचार केला. सही केली तेव्हा हा माणूस भाऊंच्या घरी होता. शहाडचा माणूस डोंबिवलीत घरी आला, म्हणजे गेटवर नाव लिहून आला असणार. मृत्युपत्रावर तारीख होती, चार वर्षांपूर्वीच्या रविवारची. त्या दिवशी सुलभाताई मैत्रिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. भाऊंनी दिवस मुद्दाम निवडला असणार. उद्या कुणी म्हणायला नको, की भाचीने शेजारी बसून लिहून घेतलं.

आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. आपटे नावाचे गृहस्थ, हाफ पँट आणि पूर्ण नियम.

"वॉचमनची जुनी रजिस्टरं बघायची आहेत," मी म्हटलं.

"लेखी अर्ज द्या. कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात."

"हरकत नाही. मग कोर्टातून तुम्हालाच समन्स काढते. रजिस्टर घेऊन कल्याणला यावं लागेल."

"किती वाजता?"

"अकराला बोलावतात. नंबर कधी लागेल ते कोर्टच जाणे."

आपट्यांनी किल्ली काढली. रजिस्टरं गच्चीच्या जिन्याखाली, गणपतीच्या मखराच्या मागे होती. आम्ही तिघं पायऱ्यांवर बसून धूळ झटकत पानं उलटत होतो. तासाभराने आपटेच ओरडले, "सापडलं! मॅडम, सापडलं!" कमिटीची मीटिंग त्यांच्या डोक्यातून पार गेली होती.

भाऊंचा फ्लॅट नंबर. वेळ सकाळी साडेदहा. आणि नावाच्या रकान्यात तेच वेटोळं, तीच शेपटी, तीच दोन टिंबं. या माणसाने नाव म्हणूनही सहीच ठोकली होती. मी कपाळाला हात लावला. पण पुढचे दोन रकाने वॉचमनने स्वतः भरले होते. काम: पेटी. आणि एक मोबाइल नंबर.

"पेटी!" सुलभाताई उठून उभ्याच राहिल्या. "भाऊंची हार्मोनियम! दुरुस्तीला दिली होती तेव्हा!"

नंबरचा शेवटचा आकडा एक आहे की सात, हे कळत नव्हतं. आधी एक लावून पाहिला. बदलापूरच्या एका बाई निघाल्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही मृत्युपत्रं करता का? आमच्या सासूबाईंचं करायचंय." तीन महिन्यांनी त्या खरंच आल्या.

मग सात लावला. "मी अॅडव्होकेट बोलतेय," एवढं म्हणताच फोन कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा मी फोन सुलभाताईंच्या हातात दिला.

"हॅलो, मी डोंबिवलीहून बोलतेय. नाईक भाऊंची भाची. त्यांच्या पेटीचं..."

"भाऊंची पेटी?" पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "सूर उतरला का गो?"

विठ्ठल भोईर. शहाडला नदीच्या बाजूला घर, पुढच्या खोलीत कारखाना. चारी बाजूंना पोटं उघडलेल्या पेट्या. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल. भाऊ गेल्याचं ऐकून ते हातातला भाता नुसताच दाबत राहिले. मग मी मृत्युपत्र दाखवलं.

"ही सही तुमची?"

"माझीच. माना वाटला, पेटीचे पैसे मिळाल्याची पावती हाय."

मृत्युपत्र करणारा माणूस सही करताना साक्षीदाराने पाहिलेला हवा, आणि आपण साक्ष म्हणून सही करतोय हे त्यालाही माहीत हवं. पावती समजून केलेली सही उपयोगाची नाही. आणि साक्षीदाराला शिकवायचं नसतं. शेजारी सुलभाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं, "मग पुढे काय झालं?"

"मी पेन उचालला. भाऊंनी माझा हात धरला. बोलले, थांब. आधी मी सही करतो, ती तू बघ. मग डॉक्टर करतील, मग तू. ही पावती नाय, माझा मृत्युपत्र हाय. मी बोललो, भाऊ, पेटी आताच नवी झाली, मरायच्या गोष्टी कशाला? ते हसले. मग केली सही."

मी शब्द न् शब्द वहीत उतरवून घेतला.

"हे कोर्टात सांगाल?"

"कोर्टात नाय येनार." भोईर ताडकन म्हणाले. "आमच्या भावकीत जमिनीची केस हाय. माझा बाप गेला तारखा करून."

मी कायदा समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुलभाताई म्हणाल्या, "दादा, भाऊंनी सहीला तुम्हाला बसवलं. सख्ख्या पुतण्याला नाही बोलावलं."

भोईरांनी हातातला भाता खाली ठेवला. मग म्हणाले, "तारीख कदी हाय?"

मी एकच दिवस लागेल म्हटलं होतं. दोन लागले. पहिल्या तारखेला समोरचे, म्हणजे प्रसादचे, वकील आलेच नाहीत. भोईर मात्र दोन्ही वेळा कडक इस्त्रीचा शर्ट आणि डबा घेऊन हजर.

समोरच्या वकिलांनी आधी सहीच धरली. "ही वाचून दाखवा."

"विठ्ठल बाळाराम भोईर."

"यात 'वि' कुठे आहे?"

"आत हाय साहेब."

कोर्टात हसू पसरलं. जज मॅडमनी त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला. भोईरांनी तीन वेळा सही केली. तिन्ही वेटोळी साच्यातून काढल्यासारखी. मॅडमनी मूळ कागदाशी ताडून पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढचा प्रश्न."

"नाईकांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. अटॅक येऊन गेलेला. त्यांचं डोकं ठिकाणावर होतं हे तुम्ही कसं सांगता? तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाय साहेब. मी पेटीवाला."

"मग?"

"त्या दिवशी सही झाल्यावर भाऊ पेटी वाजवून बघत होते. काळी तीनला थांबले. बोलले, विठ्ठल, हा सूर केसभर उतरलाय. मी तीस वर्सं पेट्या लावतो, माना नाय कळला. घरी येऊन मशीन लावून बघितला, तर खरा. ज्याचा डोका ठिकाणावर नाय, त्याला ता कसा कळंल?"

समोरच्या वकिलांनी कागद चाळले आणि खाली बसले. मी पुढे काही विचारलं नाही. अशा उत्तरानंतर वकिलाने तोंड उघडायचं नसतं.

पाच महिन्यांनी प्रोबेट मिळालं. सुलभाताईंनी पेढ्यांचा एक बॉक्स मला दिला, एक शहाडला पाठवला आणि तिसरा आपट्यांना. रजिस्टर आपणच शोधलं, हे ते अजून सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतात.

लोक मला विचारतात, मृत्युपत्रासाठी वकील कसा शोधायचा? मी म्हणते, तो हेच काम रोज करतो का ते विचारा, आणि जवळचा बघा. मुंबईच्या फोर्टमधला मोठा वकील तुमच्या गच्चीच्या जिन्याखाली धूळ खायला येणार नाही. आता मी प्रत्येक साक्षीदाराकडून सहीखाली सुवाच्य अक्षरात नाव, पूर्ण पत्ता आणि फोन लिहून घेते. नुसती सही पुरते असं मानणारे बँकेतले साक्षीदार हमखास रागावतात. मी लिहूनच घेते.

वर्षभराने प्रसादचा फोन आला. त्याला स्वतःचं मृत्युपत्र करायचं होतं. "नॉमिनीचं हे आधी कुणी सांगितलंच नाही मॅडम," तो म्हणाला. ठरल्या दिवशी तो दोन साक्षीदार घेऊन आला, वडिलांचे मित्र. एकजण काठी टेकत, दुसरे ऐकू यायचं मशीन लावून. मी दोघांना चहा दिला, तब्येतीची चौकशी केली आणि रिक्षात बसवून दिलं. प्रसादला म्हटलं, पुढच्या वेळी तुमच्यापेक्षा वयाने लहान असलेले दोघे आणा.