औषधाआधीचं दूध

लेकीच्या पोटात माझ्या लिव्हरचा तुकडा आहे, आणि तो जपता जपता माझीच कंबर मोडली, असं मी हसत सांगते. हसत सांगितलं की लोक पुढं विचारत नाहीत. ऑपरेशन परगावी झालं, एकदाच झालं. औषधं मात्र रोजची, दोन वेळची, जन्मभराची. परका तुकडा अंगानं झिडकारू नये म्हणून.

सुरुवातीचं औषध पातळ, तेलकट, उग्र वासाचं होतं. ते दुधात कालवून द्यायचं. यवतजवळच्या आमच्या वस्तीवर हे काम सासऱ्यांनी उचललं. त्यांना सगळेच आबा म्हणायचो. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. कळप विकला तरी दोन मेंढ्या ठेवल्या होत्या. त्यांचं दूध तापवून, गोडीगुलाबीनं ते नातीच्या घशाखाली औषध उतरवायचे. मला जमायचं नाही. मी ओरडायचे.

औषधानं लिव्हर सांभाळलं, पण लेकीच्या गालांवर, कपाळावर, हातांवर काळी लव दाटली. हिरड्या सुजल्या. शाळेत पोरं अस्वल म्हणायला लागली. एका संध्याकाळी ती लोकर कातरायची मोठी कातर घेऊन आबांपुढं बसली.

"आबा, माझी बी कातरा."

आबांनी कातर काढून घेतली आणि तोंड फिरवलं. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. दुसरं काय करणार होते?

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मग औषध बदललं. आता कॅप्सूल, आणि रिकाम्या पोटी. आधी काही खायचं नाही, नंतरही तासभर नाही. घरी येऊन मी सगळ्यांना बजावलं. आबा "व्हय" म्हणाले.

पुढं नुसत्या एसटीच्या खेपा. रक्त द्यायचं, परत यायचं. दर वेळी रक्तात औषध कमीच भरायचं. डोस वाढवला, तरी कमी. लिव्हरचे आकडे चढायला लागले. मला वाटायचं, कुठंतरी बसून राहावं, उठूच नये.

बाई म्हणाल्या, "असंच चाललं तर लिव्हरला धोका आहे. जुन्या औषधावर परत जावं लागेल." लेकीनं लगेच रुमाल गालावर ओढला. बाईंनी तिलाच विचारलं, "सकाळी उठल्यावर काय खातेस गं?"

"काय न्हाई. निस्तं आबांचं दूध."

मी उठायच्या आत आबा तिला गोठ्यात नेऊन पेलाभर दूध पाजत होते. त्यावर मी घड्याळ बघून कॅप्सूल देत होते. भरल्या पोटी ते औषध अंगी लागत नव्हतं.

घरी आल्या आल्या मी तोंड सोडलं. "तुमच्या दुधापायी पोरगी जाईल माझी!"

"उपाशी लेकराच्या तोंडात औषध कसं घालायचं, पोरी? इख हाय ते," आबा म्हणाले. मग हळूच, "कच्चं न्हाई दिलं कवा. उकळून देत हुतो, तुम्ही सांगितल्यावानी."

मी ओट्यावर बसले. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

दूध बंद झालं. आबा सकाळचे घराकडं फिरकेनासे झाले, गोठ्यातच बसायचे. रक्तात औषध नीट भरायला लागलं, डोस पुन्हा उतरला, लिव्हरचे आकडेही खाली आले. लव हळूहळू गळाली. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त झोप यायची.

एका सकाळी कॅप्सूल गिळून लेक घड्याळाखाली बसून राहिली. काटा फिरला तशी पेला घेऊन गोठ्यात गेली. मी मागोमाग.

"आबा, तास झाला. आता द्या दूध."

आबांनी पेला घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पण दूध ओतलं नाही. ज्यांच्या शब्दाबाहेर या घरात कधी कोणी गेलं नव्हतं, ते माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले.

"द्या, आबा," मी म्हणाले, आणि तिथंच मला रडू कोसळलं.